वाचकांचे प्रश्न : एलपी, अँप्लिफायर आणि टीव्ही एकाच युनिटमध्ये

प्रश्न : वडिलांनी हौसेनं जमवलेल्या अडीचशेच्या आसपास एलपी, त्यांचं टर्नटेबल, अँप्लिफायर आणि आमचा 55 इंची टीव्ही यांच्यासाठी मी स्वतः एक युनिट करायचं ठरवलं आहे. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत सुतारकाम करतो. ड्रिल, कटर मशीन, रंधा, पटाश्या आहेत. सहा फुटी सागवानी फळ्या, फक्त दोन टोकांना पाय, मध्ये काहीच नाही, असं एक डिझाइन फोटोत पाहिलं आणि फार आवडलं. जमेल का? आणि साग घेऊ की प्लाय?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : वडिलांच्या रेकॉर्डींसाठी स्वतःच्या हातानं घर बांधताय, याचा मला मनापासून आनंद झाला. पण ते फोटोतलं डिझाइन सोडा. कव्हरसकट एक एलपी साधारण पाव किलोची धरा. अडीचशे म्हणजे साठ किलोंच्या वर, आणि हे वजन वर्षानुवर्षं तिथंच बसून राहणार. फुटाला तेवढंच वजन ठेवून फळीचा मोकळा गाळा (म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) तिप्पट केला, तर तिचा बाक तिप्पट होत नाही, 81 पट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून जाड फळीच्या मागे लागण्यापेक्षा मध्ये उभे आधार घ्या, स्वस्तात काम होतं.

मी असं करीन. लांबी 180 सेंटिमीटर, खोली 42. वर एक फळी, खाली एक, आणि चार उभ्या फळ्या प्रत्येकी 34 सेंटिमीटर उंच. 18 मिलिमीटरचा प्लाय धरला तर साडेसत्तावन्न सेंटिमीटरचे तीन कप्पे होतात. एलपीचं कव्हर साडेएकतीस सेंटिमीटरचं असतं, त्यामुळे वर बोट घालून रेकॉर्ड ओढता येईल एवढी जागा उरते. रेकॉर्डी दोन कडेच्या कप्प्यांत, उभ्याच. तिरक्या कलल्या की वाकतात, म्हणून प्रत्येक कप्प्यात एक-दोन पातळ आडोसे घाला. पाय 10 सेंटिमीटरचे, आणि चारही उभ्या फळ्यांच्या बरोब्बर खाली, पुढे एक मागे एक. वजन फळीतून सरळ जमिनीत उतरलं पाहिजे.

हे सगळं 8 बाय 4 च्या एका शीटमध्ये बसतं. आधी शीट आडवी 180 वर कापून घ्या. त्यातून 42 च्या दोन लांब फळ्या निघतात. उरलेल्या तुकड्यातून तीन उभ्या, आणि चौथी बाजूच्या पट्टीतून. मी खोली 45 न घेता 42 घेतली ती याचसाठी. पात्याच्या जाडीचे तीन-चार मिलिमीटर प्रत्येक कापाला धरा. लांब काप दुकानातल्या पॅनेल सॉवरच मारून घ्या; गॅलरीत आठ फुटी शीट एकट्यानं सरळ कापणं जिवावर येतं.

प्लाय आयएस 303 चा, बीडब्ल्यूआर (म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या) ग्रेडचा, शिक्का बघून घ्या. भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर आयएस 710, म्हणजे मरीन प्लाय. पार्टिकल बोर्ड या वजनाखाली हळूहळू वाकत जातो, तो नकोच. साग वापरा, पण पाय, दर्शनी कडांच्या पट्ट्या आणि दाराची चौकट यांना. वरच्या फळीच्या मागच्या कडेखाली 4 सेंटिमीटर उंचीची सागाची पट्टी लावली की ती फळी चांगलीच ताठ होते; पुढे लावली तर रेकॉर्डी आत जाणार नाहीत. जुन्या वाड्याचा साग मिळाला तर उत्तमच, फक्त रंधा मारण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा राहिला असेल तर रंध्याच्या पात्याला खाच पडते.

आता अँप्लिफायर. तो मधल्या कप्प्यात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वायरी आखूड राहतील. तासभर वाजल्यावर त्याच्या झाकणावर हात ठेवून बघा, किती उष्णता बाहेर पडते ते कळेल. वर किमान 10 सेंटिमीटर मोकळे हवेत, इथे जास्तच मिळतात. त्या कप्प्याला पाठ लावू नका. कडेच्या दोन्ही कप्प्यांना मात्र 6 मिलिमीटरच्या प्लायची पाठ फेविकॉल आणि स्क्रूनं पक्की करा. तिच्याविना सगळं युनिट आडवं डुलेल. मधल्या कप्प्याला दार हवंच असेल तर सागाच्या चौकटीत वेताची विणलेली जाळी बसवा. हवाही खेळते, रिमोटही चालतो. जाळी तासभर पाण्यात भिजवून, ओली असतानाच बसवायची. वाळताना ती आपोआप ताणली जाते.

टर्नटेबलकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. त्याचं झाकण उघडलं की वर 40-45 सेंटिमीटर जागा लागते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर येतात. टीव्हीचा मध्य तिथे आणला, तर त्याची खालची कड युनिटच्या जेमतेम 15-20 सेंटिमीटर वर राहते. म्हणजे टर्नटेबल टीव्हीखाली ठेवलं तर झाकण उघडणारच नाही. टीव्ही साधारण 123 सेंटिमीटर रुंद असतो. तो भिंतीवर डावीकडे सरकवून लावा. उजवीकडे उरलेल्या 57 सेंटिमीटरमध्ये टर्नटेबल आरामात बसेल, आणि त्याच्या खाली रेकॉर्डींचं वजन असल्यानं हलणारही नाही. सोफाही थोडा डावीकडे घ्यावा लागेल. स्पीकर मात्र या फळीवर अजिबात ठेवू नका. त्यांची थरथर लाकडातून सुईपर्यंत पोचते आणि आवाज घुमायला लागतो. त्यांना वेगळे स्टँड करा.

पॉलिशचं विचाराल तर मेलॅमाइन चालेल, पावसाळा सोडून कधीही करा.

शीट आणायला निघण्याआधी झाकण उघडं ठेवून टर्नटेबल आणि मागच्या वायरी जोडलेल्या अवस्थेत अँप्लिफायर मोजा. वायरींची टोकं मागे चार-पाच सेंटिमीटर बाहेर येतात, तेवढं युनिट भिंतीपासून पुढे ठेवावं लागेल. कागदावरचे माझे आकडे त्याप्रमाणे बदलून घ्या आणि मगच काप सांगा.