ताप आला तर रात्रीच फोन

धुळे

प्रिय मुली,

लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, औषधचाचणीत समन्वयक म्हणून रुजू झालीस, वाचून फार बरं वाटलं.

शास्त्र तू शिकलेलीच आहेस. 1997 साली अमेरिकेत रिटुक्सिमॅब या, कॅन्सरच्या पेशींना हेरून चिकटणाऱ्या अँटीबॉडी औषधाला मान्यता मिळाली आणि या आजाराचं चित्र बदललं. तरी काहींचा आजार त्यालाही दाद देत नाही, किंवा पुन्हा उलटतो. त्यांच्यासाठी आता दुहेरी अँटीबॉडी आहेत. एक टोक गाठीतल्या कॅन्सरच्या बी-पेशीवरच्या सीडी20 या खुणेला धरतं, दुसरं शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशीवरच्या सीडी3 या खुणेला, म्हणजे टी-पेशी त्या बी-पेशीला मारते. त्यातल्याच ग्लोफिटामॅब या औषधाच्या चाचणीत आधीचे दोन किंवा जास्त उपचार झालेले पेशंट होते, तरी 39 टक्के लोकांच्या तपासणीत आजार दिसेनासा झाला. पण टी-पेशी खवळल्या की ताप चढतो, बीपी उतरतं. म्हणून तर डोस 2.5, मग 10, मग 30 मिलीग्रॅम असा चढवत नेतात.

त्या तापाबद्दलच सांगायचंय. अमळनेरकडच्या एका शेतकरीबाबांना मी संमतीपत्र छापील मराठीत वाचून दाखवलं. ते मान हलवत राहिले, मी सही घेतली. दुसऱ्या डोसनंतर घरी गेले आणि रात्री अंग तापलं. सुनेनं पॅरासिटामॉल दिली. ‘रातच्याला ताईंची झोपमोड नको’ म्हणून फोन केला नाही. सकाळच्या एसटीनं आले तेव्हा हात गार पडलेले, वरचं बीपी 80. बाबा वाचले. दोन दिवसांनी मला म्हणाले, “ताई, माले काय समजनं नही.” चूक माझी होती.

तेव्हापासून मी सही घेण्याआधी पेशंटलाच सगळं परत सांगायला लावते, त्यांच्या बोलीत. हे औषध अजून तपासतोय, गुण येईलच असं नाही, हेही त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. सुनेच्या हातात थर्मामीटर देऊन आकडा वाचून घे. 100.4 दिसला की फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. गावात रेंज कुठे येते, रात्री गाडी कोणाची मिळेल, हे फाइलवर लिही. सोय नसेल तर सुरुवातीच्या डोसांना दवाखान्याजवळच मुक्काम करायला लाव.

आणि हो, गळ्याची गाठ टीबीची समजून कित्येक महिने टीबीच्या गोळ्या खाऊन आलेले भेटतील. उशीर झाला म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस.

रविवारी संमतीचा फॉर्म घेऊन ये. अहिराणीत कसा सांगायचा ते दोघी बसून ठरवू. भरीत-भाकरी करते.

तुझी,
ताई