सगळे थोरल्याच्या नावे करावे काय?

प्रश्न : मी ७१ वर्षांचा असून जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. नागपूर सुधार प्रन्यासच्या भूखंडावर १९९१ साली माझ्या पगारातून बांधलेले घर आहे. त्याचा वरचा मजला थोरल्या मुलाने स्वतः कर्ज काढून चढवला. काटोल तालुक्यात वडिलांकडून आलेला पाच एकर संत्र्याचा बगीचा माझ्या नावावर आहे. बँकेत २२ लाखांच्या ठेवी आहेत व त्यांवर थोरल्याचे नामनिर्देशन आहे. मुलगी अमरावतीला असते. धाकटा मुलगा ३८ वर्षांचा असून जन्मापासून बौद्धिक दिव्यांग आहे. थोरल्याने अर्जनविसाकडून मृत्युपत्राचा मसुदा करून आणला आहे; त्यात सर्व मालमत्ता त्याला मिळावी व त्याने आईला आणि धाकट्या भावाला आजन्म सांभाळावे, असे लिहिले आहे. मी सही करावी काय?

उत्तर :

आदरणीय गुरुजी,

या मसुद्यावर कृपया सही करू नये. आपल्या थोरल्या मुलाच्या हेतूबद्दल मी शंका घेत नाही. वृद्ध आईवडिलांसोबत आणि दिव्यांग भावासोबत राहणाऱ्या मुलाविषयी मला आदरच आहे. दोष मसुद्याच्या रचनेत आहे. मालमत्ता एकाला पूर्ण मालकीने दिली आणि पुढे ‘त्याने भावाला सांभाळावे’ एवढेच वाक्य जोडले, तर ते वाक्य बंधनकारक अट न ठरता केवळ आपली इच्छा म्हणून वाचले जाण्याचा मोठा धोका असतो. मालक झालेला मुलगा घर विकू शकतो, गहाण ठेवू शकतो. त्याचा व्यवसाय बुडाला तर बँक त्या घरावर जप्ती आणू शकते. आणि दुर्दैवाने तोच मृत्युपत्र न करता अकाली गेला, तर सारी मालमत्ता त्याच्या पत्नीकडे, मुलांकडे व आई हयात असल्यास तिच्याकडे जाईल, कारण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे भाऊ हा पहिल्या वर्गातील वारस नाही. त्या दिवशी आपल्या धाकट्या मुलाच्या वतीने न्यायालयात कोण उभे राहील, हा प्रश्न त्या मसुद्याने विचारलेलाच नाही.

म्हणून मृत्युपत्राची सुरुवात मालमत्तेच्या वाटपापासून न करता धाकट्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तो सज्ञान असल्यामुळे, ‘माझ्यानंतर अमुक व्यक्ती त्याची पालक’ असे मृत्युपत्रात लिहिल्याने कायदेशीर पालकत्व निर्माण होत नाही. त्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता व बहुदिव्यांगता असलेल्या व्यक्तींसाठी, त्या १८ वर्षांवरील असल्या तरी, ही समिती पालक नेमू शकते. हा अर्ज आपण दोघे हयात असतानाच करावा. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो, आणि मला या तरतुदीतील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण जो स्वतः हिशेब मागू शकत नाही त्याच्या वतीने कोणीतरी तो मागणारे असते.

दुसरी गोष्ट आपल्या पत्रात कुठेच आली नाही, ती निवृत्तिवेतनाची. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला, आई व वडील दोघांच्या पश्चात, कुटुंब निवृत्तिवेतन आजन्म मिळू शकते. मात्र त्याचे नाव व सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आपल्या निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत नसेल, तर आपल्या पश्चात भावंडांना कार्यालयांचे खेटे घालावे लागतात. हा अर्ज जिल्हा परिषदेकडे याच महिन्यात करावा.

उरलेल्या खर्चासाठी मृत्युपत्रातूनच एक खाजगी न्यास (ट्रस्ट) निर्माण करावा. थोरला, मुलगी आणि कुटुंबाबाहेरची एक विश्वासू व्यक्ती असे तीन विश्वस्त असावेत, त्यांपैकी कोणी उरला नाही तर त्याच्या जागी कोण येणार हेही लिहावे, आणि ठेवींचा मोठा भाग या न्यासाकडे जाऊन त्याच्या व्याजातून धाकट्याचा औषधोपचार, निवास व सोबतीच्या माणसाचा खर्च व्हावा. धाकट्याच्या पश्चात उरलेली रक्कम कोणाला जाईल, ते स्पष्ट असावे. मुलीला विश्वस्त करा, असा माझा आग्रह आहे. लग्न होऊन गेलेली लेक या विचारात सहसा धरलीच जात नाही, आणि दोघांनी एकमेकांचे हिशेब पाहणे हे दोघांच्याही हिताचे असते.

ठेवींवरील नामनिर्देशनाबद्दल एक गैरसमज दूर करतो. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते. ती त्या रकमेची मालक होत नाही. शेअर्सच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितले आहे. म्हणून रक्कम अखेर मृत्युपत्राप्रमाणेच वाटली जाईल. तरीही नामनिर्देशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळते ठेवावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीवर चार जणांपर्यंत टक्केवारीसह नामनिर्देशन करता येते, त्यामुळे आपल्या पत्नीचे नाव आता सहज घालता येईल.

घर आपल्या स्वकमाईचे असल्याने ते कोणालाही देण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे. केवळ बांधकामाला पैसे लावल्याने थोरला वरच्या मजल्याचा मालक होत नाही, पण त्याचे कर्ज व कष्ट खरे आहेत. तेव्हा कारण नमूद करून तो मजला त्याला द्यावा. तळमजला पत्नीला पूर्ण मालकीने द्यावा, असे मी सुचवीन. ‘तिने तहहयात उपभोग घ्यावा’ अशी शब्दरचना अनेक मसुद्यांत असते, परंतु विधवेला मिळालेला असा मर्यादित हक्क हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ खाली पूर्ण मालकीचा ठरतो की नाही, यावर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले आहेत. पत्नी आपल्या आधी गेल्यास तो मजला न्यासाकडे जावा, हे लिहायला विसरू नये. पत्नीनेही त्याच दिवशी स्वतःचे मृत्युपत्र करावे. भूखंड प्रन्यासच्या भाडेपट्ट्याचा असल्यास मृत्युपत्रात पट्ट्याची तारीख व मुदत अचूक यावी आणि नूतनीकरण थकले असेल तर ते आधी करून घ्यावे.

खरी गुंतागुंत काटोलच्या बगीच्याची आहे. वडिलांकडून आलेली प्रत्येक जमीन ‘वडिलोपार्जित’ म्हणण्याची पद्धत आहे, परंतु कायद्यात तसे नाही. वडिलांनी ती स्वतः विकत घेतली असेल व त्यांचा मृत्यू १९५६ नंतर झाला असेल, तर आपल्याला आलेला हिस्सा आपला स्वतंत्र आहे. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. ती आजोबांच्या काळापासून एकत्र कुटुंबाची असेल, तर तिन्ही मुलांचा जन्मतः हक्क येतो, मुलीचाही, आणि आपण फक्त आपल्या वाट्याचेच मृत्युपत्र करू शकता. तो वाटा ढोबळमानाने पाचापैकी एक भरेल. यासाठी केवळ चालू सातबारा पुरत नाही, जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी) व अधिकार अभिलेख काढावे लागतील. ते काढताना आपल्याला बहीण आहे काय आणि तिचे नाव कसे कमी झाले, हेही पाहावे. तलाठ्यासमोर ‘मला काही नको’ एवढा जबाब देऊन बहिणीचे नाव कमी केलेले फेरफार मी पुष्कळ पाहिले आहेत. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर तिचा हक्क संपला असे धरून मृत्युपत्र करणे धोक्याचे आहे.

आता घर बक्षीसपत्राने, म्हणजे हयातीतच विनामोबदला, देण्याविषयी. महाराष्ट्रात मुलाला राहते घर बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क ₹२०० इतके अल्प असल्याने तो मार्ग अनेकांना सुचवला जातो. बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते. आपल्या परिस्थितीत बक्षीसपत्र नको.

सहीच्या दिवशी थोरला मुलगा त्या खोलीत नसावा. ज्याला लाभ मिळणार आहे त्यानेच मृत्युपत्र घडवून आणण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती मानली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सविस्तर मांडले असून तो निर्णय आजही उद्धृत होतो. आताचा मसुदा त्यानेच आणलेला असल्याने नवा मसुदा आपल्या वकिलाने आपल्याशी एकांतात बोलून तयार करावा. दोन साक्षीदार आपल्याहून वयाने लहान व लाभार्थी नसलेले असावेत, त्यांनी आपणास सही करताना पाहावे व आपल्यासमोर सह्या कराव्यात. पुढे वाद झाल्यास त्यांपैकी किमान एकाची साक्ष लागते. डॉक्टरांचे त्याच दिवसाचे प्रमाणपत्र जोडावे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, तरीही दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करावी. आपल्या प्रकरणात प्रोबेटही (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र) सक्तीचे नाही.

नोंदणीनंतर मूळ प्रत कपाटात कुलूपबंद ठेवू नये. ती कुठे आहे हे पत्नी, मुलगी आणि तिसरे विश्वस्त या तिघांनाही सांगून ठेवावे, आणि धाकट्याची औषधे, डॉक्टर, आवडीनिवडी व भीती यांची आपल्या हस्ताक्षरातील एक वही मृत्युपत्रासोबत ठेवावी.