इजा वाढत नाही, मग पाय का आखडतात?

प्रश्न : माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली. आता ती साडेतीन वर्षांची आहे. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूतील इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडण्याचे) निदान करताना मेंदूतील इजा वाढणार नाही, असे सांगितले होते. परंतु वर्षभरात तिचे पाय अधिक आखडले असून आधार घेऊन चालताना टाचा टेकत नाहीत आणि गुडघे एकमेकांवर येतात. हात मात्र बरे चालतात. सासूबाई तिचे पाय रोज तेल लावून जोर देऊन ओढतात. त्याने उपयोग होईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांचे म्हणणे आणि आपले निरीक्षण, दोन्ही खरे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांभोवतीचा भाग फार नाजूक असतो आणि पायांकडे आज्ञा नेणारे तंतू या पोकळ्यांच्या अगदी जवळून जातात, तर हातांचे तंतू थोडे बाहेरच्या बाजूने जातात. त्यामुळे तेथे इजा झाली की पाय अधिक अडखळतात आणि हात बरेचसे वाचतात. हा प्रकार पुष्कळ वर्षे ‘लिटलचा आजार’ म्हणून ओळखला जाई. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी एकोणिसाव्या शतकात अवघड व अकाली जन्माशी त्याचा संबंध जोडला होता.

स्नायू एकाएकी ताणला गेला की तो आपोआप आकसतो. ही मज्जारज्जूची प्रतिक्रिया असून एरवी मेंदू तिला आवर घालतो. इजेमुळे तो आवर सैल पडतो आणि पोटरीसारखे स्नायू सतत ताठ राहतात. इजा तेथेच थांबली, तरी मूल वाढतच असते; हाडे लांब होतात, पण ताठ स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. वर्षभरात आपल्याला जे दिसले, ते यातून आलेले आहे.

म्हणूनच जोराने ओढणे थांबवावे. झटका बसला की ताठरपणा उलट वाढतो. तेल लावण्यास हरकत नाही (सासूबाईंची माया त्यातून व्यक्त होऊ द्यावी), परंतु ताण हळूहळू द्यावा आणि काही वेळ तसाच धरून ठेवावा. त्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून समक्ष शिकून घ्यावी. त्याच्या जोडीला पायाच्या घोट्याला आधार देणारे स्प्लिंट लागू शकते. बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाने स्नायू काही महिने सैल राहतो, मात्र तो कायमचा आखूड होण्याआधीच त्याचा खरा उपयोग होतो.

एक तपासणी सहसा राहून जाते, ती नितंबाच्या सांध्याची. मांड्या आत ओढणारे स्नायू ताठ असले की मांडीच्या हाडाचे वरचे टोक या सांध्याच्या खोबणीतून हळूहळू सरकू शकते, आणि सुरुवातीला मुलाला ते दुखतही नाही. त्यामुळे तिचा या सांध्याचा एक्स-रे अद्याप काढला नसल्यास पुढच्या भेटीतच डॉक्टरांना त्याविषयी विचारावे.