पहिली गाडी: आधी काय बदलायचं, नंतर काय

प्रश्न: दादा नमस्कार. माझी पहिली गाडी म्हणजे छोटी पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षं जुनी, घरातूनच माझ्याकडे आलेली. विकायची नाहीये हे पक्कं आहे. पुढच्या चार-पाच वर्षांत जसे पैसे जमतील तसं तिच्यावर काम करायचंय. यादी तयार आहे: अलॉय, रुंद टायर, गाडी थोडी खाली घ्यायची, सायलेन्सर, ओपन एअर फिल्टर आणि जमलंच तर शेवटी इंजिनचं ट्यूनिंग. मित्र म्हणतात आधी सायलेन्सर टाक, फरक लगेच कळतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर: विकायची नाही हे आधी ठरवलंस आणि हाताशी चार-पाच वर्षं ठेवलीस, याचा मला खरंच आनंद झाला. हे काम घाईत केलं की बिघडतं. यादीही चांगली आहे, फक्त तिच्यातली पहिली ओळ राहून गेलीये.

दहा वर्षांच्या गाडीतलं रबर म्हातारं झालेलं असतं. लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, स्टॅबिलायझरच्या लिंक, शॉकअपच्या वरचं माउंट, हे सगळं इतकं हळूहळू सैल होतं की रोज चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. शिवाय ही गाडी तुझ्याकडे जुनी होऊन आलीये, म्हणजे ती नवी असताना वळणावर कशी बसायची, स्टीअरिंग किती नेमकं होतं, हे तू अनुभवलेलंच नाहीस. तुला जी गाडी "मूळ" वाटतेय ती थकलेली गाडी आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी नवीन काहीच टाकू नकोस, तिला आधी तिच्या मूळ अवस्थेत आण. चारही शॉकअप बघ, अंगावर तेल आलंय का, कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबते की डुलत राहते. गतिरोधकावरून सावकाश जाताना पुढून कट-कट आवाज येत असेल तर लिंक किंवा बॉल जॉइंट तपासून घे. बुश बदलून अलाइनमेंट करून आणलेली जुनी गाडी चालवून बघ एकदा, अनेकांना तेवढ्यावरच वाटतं की आता खाली घ्यायची गरजच नाही.

मग ब्रेक. डिस्क, पॅड, मागचे लायनर तर बघशीलच, पण ब्रेक ऑइल लोक विसरतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी मिसळलं की लवकर उकळतं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये असा निकष आहे, ओलावा धरल्यावर हाच आकडा 155 वर येतो. लांब उतारावर सारखा ब्रेक धरला, ऑइल उकळलं, पाइपात वाफ झाली की पेडल मऊ होऊन खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, बस. डॉट 5 हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, आकडा मोठा दिसतो म्हणून ते ओतू नकोस.

वेग वाढवायच्या आधी थांबणं वाढवायचं, हे कंपन्यांनीही केलंय. मूळ मिनी ही छोटी ब्रिटिश गाडी 1959 ला आली तेव्हा 848 सीसीचं इंजिन आणि चारही चाकांना ड्रम होते. 1961 ला रेसिंग गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरच्या नावाची मिनी कूपर आली, इंजिन 997 सीसीचं झालं, ताकद 34 वरून 55 हॉर्सपॉवरवर गेली, आणि त्याच वेळी पुढे डिस्क ब्रेक बसवले. गंमत म्हणून नाही, गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते म्हणून. दीडपट वेगाला सव्वादोनपट ऊर्जा ब्रेकला जिरवावी लागते.

तर माझा क्रम असा आहे, रबर, शॉकअप आणि ब्रेक आधी, मग चांगले टायर, मग सस्पेंशन, मग लाइट आणि सायलेन्सर, इंजिनला हात सगळ्यात शेवटी. आणि सगळ्यात कळकळीने सांगतो ते हे, की एका वेळी एकच गोष्ट बदल. ती बदलली की काही महिने त्याच नेहमीच्या रस्त्यावर चालव, पावसात चालव, चार माणसं आणि सामान घेऊन चालव. अलॉय, स्प्रिंग आणि टायर एकाच शनिवारी टाकले आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली तर दोष कोणाचा हे तुलाही कळणार नाही आणि मेकॅनिकलाही नाही. एक वही गाडीतच ठेव. तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर, टायरमधली हवा, अलाइनमेंटच्या मशीनचा कागद, आणि "आधी काय जाणवत होतं, आता काय जाणवतं" हे दोन ओळींत. काढलेले मूळ पार्ट पुसून, नाव लिहून, कोरड्या जागी ठेव. फेकू नकोस.

प्रश्न: माझ्या गाडीला 185/65 आर15 टायर आहेत. 16 चे अलॉय आवडलेत. दुकानदार म्हणतो 205/60 आर16 बसतात, काही होत नाही. बसवू का?

उत्तर: बसतील कदाचित, पण मी बसवणार नाही, आणि कारण तुम्ही स्वतः कागदावर काढू शकता. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची टायरच्या भिंतीला आहे, तिसरा रिम इंचात. तुमचा आत्ताचा टायर: 185 चे 65 टक्के म्हणजे 120.25, वर-खाली मिळून 240.5, त्यात 15 इंच म्हणजे 381, एकूण 621.5 मिमी. दुकानदाराचा टायर 652.4 मिमी येतो. जवळपास 5 टक्के मोठा. म्हणजे स्पीडोमीटर आत्ता जेवढं दाखवतो त्या मानाने गाडी 5 टक्के जास्त वेगात असणार, पिकअप मंदावणार कारण प्रत्येक गिअर लांब झाल्यासारखा होतो, आणि पूर्ण स्टीअरिंग वळवलं की टायर आतल्या लायनरला घासायची शक्यता. त्याऐवजी 195/55 आर16 काढून बघा: 620.9. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. हवा तो लूक यात मिळतो आणि बाकी काही बिघडत नाही. फक्त भिंत पातळ होते, त्यामुळे खड्डा थेट रिमला लागतो, हवा कमी ठेवायची सवय असेल तर सोडावी लागेल.

टायरच्या आकड्यांनंतर लोड इंडेक्स असतो, 88 म्हणजे एका टायरला 560 किलो, 91 म्हणजे 615. कंपनीने दिलाय त्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका. टायरच्या भिंतीवर DOT ने सुरू होणारी ओळ असते (ब्रेक ऑइलच्या डॉटशी तिचा संबंध नाही), तिच्यातले शेवटचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, 3523 म्हणजे 2023 चा 35 वा आठवडा. ऑफरमधला टायर घेताना हे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

अलॉयचं बोलायचं तर पीसीडी, म्हणजे नटच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, जुळला की झालं असं नाही. मधलं भोकही जुळायला हवं. गाडीचं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, 54.1 मिमी आणि अलॉयचं भोक 73.1 असं पुष्कळदा असतं, कारण बाहेरचे अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून भोक मोठं ठेवतात. मधे हब रिंग टाकली नाही तर चाक नेमकं मधोमध बसत नाही आणि मोठ्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं, मग माणूस तीन-तीनदा बॅलन्सिंग करून आणतो आणि दोष टायरवर जातो. ऑफसेट म्हणजे ईटीचा आकडाही बघा, रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी दूर आहे ते तो सांगतो. ईटी45 च्या जागी ईटी35 आणि रिम एक इंच रुंद, तर चाकाची बाहेरची कड जवळपास 23 मिमी बाहेर येते, फेंडरपाशी ती जागा आहे का हे आधी मोजा. नटची बैठकही बघा, काहींची शंकूसारखी असते, काहींची गोल, चुकीचा नट हाताला घट्ट लागतो पण धरतो काठावरच. नट समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याइतके आवळायचे आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे. हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही म्हणून मीच सांगतो.

प्रश्न: ओळखीचा मेकॅनिक म्हणाला नवीन लोअरिंग स्प्रिंग कशाला घेतोस, आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो. चालेल?

उत्तर: नको. वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते, कारण वेढे कमी. आणि टोकाचा भाग खालच्या कपात बसेल असा घडवलेला असतो, तोच कापला गेला तर चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. शॉकअप मात्र जुनेच, जुन्या स्प्रिंगसाठी बनवलेले, ते या कडक स्प्रिंगला आवरू शकत नाहीत, म्हणून गाडी उड्या मारत जाते आणि सस्पेंशन पूर्ण दबलं की अडवणाऱ्या रबरावर, बंप स्टॉपवर, आदळते. खाली घ्यायचीच असेल तर एकमेकांसाठी बनवलेले स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र घ्या, कमी उतरवा, आणि लगेच अलाइनमेंट, कारण उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं पुढून आत की बाहेर वळलेली) दोन्ही हलतात आणि टायर आतून झिजतो, बाहेरून तो नवाच दिसतो. पैसे कमी असतील तर थांबा. थांबल्याने गाडीचं काहीच बिघडत नाही.

प्रश्न: रात्री हेडलाइट कमी पडतात, एच4 बल्बच्या जागी एलईडी टाकू का?

उत्तर: हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बल्बची तार कुठे आहे यावर सगळा खेळ असतो. एलईडीचा उजेड त्या नेमक्या जागेवरून निघत नाही, मग गाडीसमोरचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, लांबचं दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. आधी काच बघा, पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. मग इंजिन चालू ठेवून बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवर मोजा. जुन्या गाड्यांत करंट स्विचमधून फिरून येतो आणि वाटेतच व्होल्टेज पडतं. बल्बला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड साधारण 30 टक्के कमी होतो. रिले (हेडलाइटच्या स्विचच्या इशाऱ्यावर चालणारा वेगळा स्विच), फ्यूज आणि जाड वायरचं हार्नेस टाकून त्याच 60/55 वॉटच्या बल्बला थेट बॅटरीचं व्होल्टेज द्या. माझ्या मते जुन्या गाडीतला हा सगळ्यात समाधान देणारा बदल आहे, आणि दिसायला काहीच बदलत नाही.

प्रश्न: स्पोर्ट्स स्टीअरिंग बसवायचंय. एअरबॅग आहे.

उत्तर: मग नको. सीटमध्ये साइड एअरबॅग असतील तर जाड सीटकव्हरही नको.

प्रश्न: ओपन फिल्टर आणि मोठा सायलेन्सर टाकून किती पॉवर वाढेल? 1.2 लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन आहे.

उत्तर: आवाज वाढेल. मूळ फिल्टरचा डबा पाइपने पुढची गार हवा घेतो, उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि हवा 10 अंशांनी गरम झाली की तिची घनता 3 टक्क्यांच्या आसपास कमी होते, म्हणजे तेवढा ऑक्सिजनही कमी. सिग्नलवर आणि ट्रॅफिकमध्ये हे जास्त जाणवतं. सायलेन्सर बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अजिबात काढू नका, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या थरावर विषारी वायू तिथेच बदलतात, शिवाय तो काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर इंजिनचा दिवा लावतो. रिमॅपने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, टर्बो इंजिनात खरा फरक पडतो कारण बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवता येतो, तुमच्या इंजिनात थोडाच पडेल. नवे प्लग, स्वच्छ थ्रॉटल बॉडी, व्यवस्थित क्लच आणि हलकी चाकं, यातूनच ती जास्त मोकळी वाटेल. जे काही बदलाल ते तुमच्याकडच्या नोंदणीच्या नियमांत बसतंय का ते आधी बघा आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी कळलं तर उशीर झालेला असतो.

प्रश्न: सहा वर्षं हळूहळू काम करून माझी पहिली गाडी मला हवी तशी झालीये. आता कुटुंब वाढलं, मोठी गाडी घ्यावी लागणार. बदललेल्या गाडीला किंमत येत नाही म्हणतात. मूळ पार्ट सगळे जपून ठेवलेत. विकू की ठेवू? मन तयार होत नाहीये.

उत्तर: ताई, मन तयार होत नाही हे अगदी बरोबर आहे, सहा वर्षं एखाद्या गाडीचा प्रत्येक आवाज ओळखून तिच्यावर काम केलं की ती नुसती वाहन राहत नाही, आणि यात समजावण्यासारखं काही नाही. आधी जागा आहे का ते बघा. जागा असेल आणि महिन्यातून दोन-तीनदा ती नीट गरम होईपर्यंत, निदान अर्धा तास, चालवणं जमणार असेल तर ठेवा. टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा म्हणजे एकाच जागी चपटे होणार नाहीत, सपाट जागी हँडब्रेक न ओढता चाकाला अडण लावा म्हणजे लायनर चिकटणार नाहीत, आणि बॅटरीला मेंटेनन्स चार्जर घ्या. हे जमणार नसेल तर मात्र ठेवू नका, उभ्या गाडीचे सील सुकतात आणि टाकी धातूची असेल तर गंजते, ती तशी संपताना बघणं विकण्यापेक्षा जास्त त्रासाचं आहे.

विकायचं ठरलं तर अलॉय, स्प्रिंग, म्युझिक सिस्टिम काढून मूळ पार्ट बसवा आणि काढलेले पार्ट वेगळे विका, गाडीसोबत त्यांचे पैसे मिळत नाहीत. बुश, ब्रेक, हेडलाइटचं हार्नेस हे मात्र तिच्यातच राहू द्या. कुठे कुठे काय काम झालंय ते घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, बिलं द्या. जमलं तर अशा माणसाला द्या ज्याची ती पहिली गाडी असेल, आणि मूळ स्प्रिंग परत बसवल्यावर अलाइनमेंट पुन्हा करून मगच किल्ली द्या.