संवाद पुसट, स्फोट मात्र कानठळ्या बसवणारे

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुकताच ५.१ चॅनेलचा सराउंड साउंड रिसीव्हर बसवला आहे. चित्रपटातील संवाद नीट ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर हाणामारी सुरू होताच खालच्या मजल्यावरून तक्रार येते. रिसीव्हर सदोष असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तशी शक्यता कमी वाटते. ५.१ ध्वनिमिश्रणात (पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर) बहुतेक संवाद सेंटर, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरमधून येतात. आपल्याकडे मात्र तो टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सशेजारी कोंबला जातो आणि तिथेच आवाज घुमतो. तो कप्प्याच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून, बसणाऱ्याच्या कानाच्या दिशेने किंचित वर कलता ठेवावा. त्यानंतर रिसीव्हरसोबत मिळालेला मायक्रोफोन नेहमीच्या बैठकीच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून आणि पंखा बंद करून (पुण्याच्या मे महिन्यातही, निदान तेवढा वेळ) स्पीकरच्या आवाजाची स्वयंचलित मोजणी पुन्हा घ्यावी. एवढ्याने भागले नाही, तर केवळ सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ध्वनी ‘पीसीएम’वर (टीव्हीनेच उलगडलेला ध्वनी) असेल, तर एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे नेणाऱ्या जोडणीतून दोनच चॅनेल पोहोचतात, म्हणून ‘बिटस्ट्रीम’ (ध्वनी न उलगडता रिसीव्हरकडे पाठवणारा पर्याय) निवडावे.

शेजाऱ्यांना खरा त्रास होतो तो सबवूफरचा. कोपऱ्यात ठेवल्यास त्याचा घुमार वाढतो, म्हणून तो भिंतीपासून थोडा दूर सरकवावा आणि रात्री रिसीव्हरमधील डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजातील फरक) कमी करणारा पर्याय सुरू ठेवावा. काही कंपन्या त्याला ‘नाइट मोड’ म्हणतात.

रिसीव्हर बराच तापतो, त्यामुळे त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स किंवा विणलेला रुमाल ठेवू नये.