वाचकांचे प्रश्न: जिवंत पेशी इतक्या जवळून कशा बघतात?

प्रश्न: मी बीएस्सीला आहे. सर म्हणाले प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसतच नाही, मग सुपर-रिझोल्यूशनवाले कसं बघतात? आणि जिवंत पेशी मरत नाही का त्यात?

उत्तर: सर बरोबरच सांगतायत, ती मर्यादा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबेने १८७३ मध्येच मांडली होती, आणि ती मोडलेली नाहीये, तिला वळसा घातलाय. शास्त्रज्ञ श्टेफान हेलच्या स्टेड (STED) पद्धतीत दोन लेझर असतात, पहिला पेशीतल्या फ्लुरोसंट, म्हणजे प्रकाश पडला की चमकणाऱ्या, रेणूंना चमकवतो आणि दुसरा, मेदूवड्यासारखा मधे भोक असलेला, कडेच्या रेणूंची चमक विझवतो, म्हणजे चमकत राहतो तो फक्त मधला बारकासा ठिपका, आणि तोच सगळीकडे फिरवत चित्र तयार करायचं. किती सुंदर कल्पना आहे ही! २०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल हेल, एरिक बेट्झिग आणि विल्यम मर्नर यांना याच क्षेत्रासाठी मिळालं.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विझवणारा लेझर चांगलाच तीव्र लागतो, त्याने त्या रेणूंची चमक कायमची जाते आणि पेशीलाही इजा होते. बेट्झिगच्या पाम (PALM) पद्धतीत एकेक रेणू टिपायला हजारो फ्रेम घ्याव्या लागतात, तोवर पेशीतलं सगळं हललेलं असतं. म्हणून जिवंत पेशीसाठी बरेचदा सिम (SIM) नावाची तिसरी पद्धत वापरतात, त्यात पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकून गणिताने चित्र काढतात, बारकावा साधारण १०० नॅनोमीटरपर्यंतच मिळतो पण प्रकाश कमी लागतो, आणि पेशी धडधाकट राहणं जास्त मोलाचं, कारण होरपळलेल्या पेशीचा कितीही स्पष्ट फोटो काढला तरी त्यात दिसतं ते तिचं नेहमीचं वागणं नसतंच.