सरांचे उपकार आणि मुलाची वर्षं

ताई,
आम्ही डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत आहे. सात वर्षांचा असल्यापासून तो गावच्या फुटबॉल क्लबमध्ये खेळतो. २०१८ साली खाणी बंद झाल्या आणि आमचा ट्रक दारात उभा राहिला, हप्ते थकले. तेव्हा क्लबच्या सरांनी दोन वर्षं मुलाची फी घेतली नाही. बूटही त्यांनीच आणून दिले. आता म्हापशाकडच्या एका मोठ्या अकादमीने मुलाला चाचणीत निवडलंय. सरांच्या कानावर घातलं, तर ते गप्प झाले. समितीतले लोक मात्र म्हणतात, "आम्ही घडवलेला मुलगा असा नेता येणार नाही, एनओसी देणार नाही." तालुक्यातली स्पर्धा सुरू झालीय, ती डिसेंबरअखेर संपेल. मिस्टर म्हणतात, अडचणीत हात देणाऱ्याला सोडून जाणं आपल्याला शोभत नाही. मला वाटतं, अशी संधी पुन्हा येणार नाही. मुलाला विचारलं तर म्हणतो, "तुम्ही सांगाल तसं." संघातल्या एका मुलाची आई माझी जवळची मैत्रीण, तीही बोलेनाशी झालीय. नऊ वर्षांची मुलगी त्याच क्लबमध्ये जाते. तिलाही काढावं का? क्लबाशी आमचं इमान नेमकं किती?
— एक आई

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उरकलंय, पण मी तिथूनच सुरुवात करते. २०१२ च्या खाणबंदीतून जेमतेम सावरलेल्या डिचोली-सत्तरीतल्या घरांवर २०१८ च्या मार्चमध्ये दुसरा घाव बसला. ट्रक, बार्ज, गॅरेज, नाक्यावरचं चहाचं हॉटेल, सगळंच एका साखळीत अडकलेलं होतं. गावच्या स्पर्धांची बक्षिसं आणि जर्सीही पुष्कळदा त्याच पैशातून यायच्या. तेव्हा सरांनी तुमची फी सोडली ती बहुधा क्लबच्या हातात काही उरलेलं नसताना सोडली. सहा-सात वर्षांनीही हे ज्याला विसरता येत नाही, अशा माणसाचा मला आदर वाटतो. मिस्टरांना अडाणी किंवा भाबडं समजू नका.

पण हे ऋण तुमच्या दोघांचं आहे. फी भरणं तुमचं काम होतं आणि सरांनी तो भार तुमच्या खांद्यावरून उतरवला. मुलगा त्या वेळी सात-आठ वर्षांचा, त्याने फक्त चेंडूमागे धावायचं होतं. आता त्याच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षातून ती भरपाई करायची ठरवलीत, तर आईबापांचं देणं तुम्ही पोराच्या नावावर चढवताय. समितीही तेच मागतेय. मला हे मान्य नाही. सरांनाही मान्य असेल असं वाटत नाही, कारण ते गप्प झाले असं तुम्ही लिहिलंय, त्यांनी अडवलं असं नाही. इतकी वर्षं ज्या मुलाला पहाटे मैदानावर उभं केलं तो जाणार म्हटल्यावर कोणत्याही शिक्षकाच्या पोटात तुटणारच. त्या गप्प बसण्याला लगेच नाराजी समजू नका.

'आम्ही घडवलं' हे समितीचं म्हणणं खोटं नाही, आणि फुटबॉलच्या नियमांनीही त्याची दखल घेतलीय. फिफाच्या नियमांप्रमाणे खेळाडू पहिला व्यावसायिक करार करतो, तेव्हा त्याच्या १२ व्या ते २१ व्या वर्षांच्या दरम्यान ज्या क्लबांनी त्याला शिकवलं, त्यांना भरपाई द्यायची तरतूद आहे. पुढे पैसे मोजून आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर त्या रकमेतले ५ टक्के १२ ते २३ या वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. देशातल्या बदल्यांसाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्वतःची नियमावली आहे. तुमचा मुलगा तिथवर पोचेल की नाही, कोण सांगणार? पण या नियमांची दिशा बघा. लहान क्लबाचे कष्ट फुकट जाऊ नयेत म्हणून मोठ्या क्लबाने लहान क्लबाला द्यायचं. त्यात आईबापांकडे वसुली नाही आणि मुलाला धरून ठेवणंही नाही. समितीला खरंच आपला हक्क जपायचा असेल, तर मुलाची नोंदणी वर्षवार नीट ठेवावी, आणि तुम्हीही त्या नोंदींच्या प्रती मागून घ्या. उद्या गरज पडली तर त्या क्लबाच्याच कामी येतील.

एनओसीचं म्हणाल, तर आधी मुलाची महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत या क्लबाकडून नोंदणी झालीय का ते बघा. गावातल्या स्पर्धा खेळणाऱ्या बऱ्याच मुलांची ती झालेलीच नसते. झाली असेल तर बदलीची रीत गोवा फुटबॉल असोसिएशनकडे विचारा. समितीतल्या कुणाच्या तोंडी धमकीवर घरात रात्र जागू नका. तुम्ही कधी एखाद्या कागदावर सही केली असेल, तर तो वकिलाला दाखवा. १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात त्याच्यावर बंधनकारक नसतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश अमदानीतल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, १९०३ सालीच स्पष्ट केलंय. पालकाच्या सहीचा प्रश्न वेगळा, म्हणून कागद दाखवा म्हणते. तरीही हे भांडण म्हणून लढू नका. गाव एकच आहे, उद्या जत्रेला त्याच मंडपात बसायचंय.

निष्ठेची गोष्ट निघाली की गोव्यात फुटबॉलचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव निघतंच. त्यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा काळ साळगावकर क्लबाला दिला, हे खरं. पण ती एका मोठ्या माणसाने, आपलं बरंवाईट कळत असताना केलेली निवड होती. शिकायच्या वयाची गोष्ट वेगळी, आणि त्यासाठी आपल्याकडे गायिका केसरबाई केरकरांचं उदाहरण आहे. केरीची ही मुलगी आधी अब्दुल करीम खाँ, मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशांकडे शिकत शेवटी अल्लादिया खाँसाहेबांकडे पोचली आणि तिथेच तिचं गाणं झालं. आधीच्या गुरूंशी ती बेइमान झाली असं कुणी म्हणत नाही. प्रत्येकाने त्या गाण्यात काही घातलं, एवढंच आपण आदराने सांगतो.

आता इमान जिथे खरंच लागू होतं तिथे येते. ती डिसेंबरची स्पर्धा. संघ ठरला, सामने सुरू झाले, बाकीची मुलं तुमच्या मुलाला धरून खेळतायत. मधेच त्याला उचलून नेलंत तर नुकसान समितीचं होणार नाही, त्या दहा-बारा मुलांचं होईल, आणि त्यांच्याशी तुमच्या मुलाचं रोजचं बसणं-उठणं आहे. म्हणून हंगाम पुरा करायचा. शेवटच्या सामन्यापर्यंत, सराव न चुकवता. अकादमीला स्पष्ट सांगा की मुलगा आला तर जानेवारीत येईल. १३ वर्षांच्या पोराने दिलेला शब्द पाळावा म्हणून काही आठवडे थांबायला जी संस्था तयार नाही, ती पुढे त्याला कसं वागवेल याचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल. तोवर लपून-छपून तिकडच्या सरावाला पाठवणं नको. गावात अशी गोष्ट दोन दिवस झाकून राहत नाही, आणि मुलाला खोटं बोलायला लावल्याचं ओझं वेगळंच.

'अशी संधी पुन्हा येणार नाही' हे तुमचं वाक्य मात्र मी खोडते. तेराव्या वर्षी कुणी पुरुषभर उंच होतो, कुणी अजून चौथीतला दिसतो, आणि निवड करणाऱ्यांचा डोळा नकळत उंच मुलावर जातो. निवडीच्या वर्षात आधी जन्मलेली मुलं वयोगटाच्या संघांत जास्त दिसतात, हे जगभरच्या फुटबॉलमध्ये आढळलंय. म्हणजे आजची निवड ही आजचीच, आणि आजचा नकारही आजचाच. मोठ्या नावांवरही सगळं सोपवता येत नाही. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून माघार घेतली होती. कारणं त्यांची असतील, पण तिथवर पोचायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलांपुढची वाट एका वर्षात अरुंद झाली. म्हणून अकादमीला विचारा: या वयोगटात किती मुलं आहेत, वर्षात खरे सामने किती मिळतात, वर्षाअखेर मुलाला वगळायचं असेल तर ते कधी आणि कसं सांगतात? क्लबाने निष्ठा मागायची आणि अकादमीने वाटेल तेव्हा 'थांब' म्हणायचं, या दोन्हींमध्ये मूल सारखंच भरडलं जातं. शिवाय गावातून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, सराव संपवून रात्री परत. कदंबाची शेवटची बस चुकली तर कोण आणणार? पुढच्या वर्षी नववी, मग दहावी. हे सगळं कागदावर मांडून बघा.

आणि मुलगा. "तुम्ही सांगाल तसं" याला होकार समजू नका. घरात दोन मतं आहेत हे त्याला कळलंय. एकाची बाजू घेतली तर दुसरं दुखावेल म्हणून तो दोन्ही दारांच्या मधे उभा आहे. त्याला समोर बसवून दोघांनी विचारू नका. मिस्टरांनी एकट्याने त्याला सरावाहून आणायला जावं आणि चालता चालता सांगावं की, सरांचे उपकार आमच्यावर आहेत, तुझ्यावर नाहीत, ते आम्ही फेडू. हे वाक्य बापाच्या तोंडून जायला हवं, तुमच्या नाही. त्यानंतर पोर काय बोलतं ते ऐका. अकादमीत स्पर्धेनंतर आठवडाभर नुसता सराव करून बघू दे. तिथली मुलं, तिथले सर, तो प्रवास. त्यानंतर तो 'नको' म्हणाला तर तेही उत्तर घ्या, तोंड न पाडता. गावच्या क्लबमध्ये मित्रांबरोबर खेळत राहणं ही काही हार नव्हे.

सरांकडे दोघांनी मिळून जा, त्यांच्या घरी, निर्णय व्हायच्या आधी. व्हॉट्सॲपवर काही लिहू नका. दोन वर्षांच्या फीचं पाकीट पुढे करू नका, त्याने त्यांनी केलेल्याची किंमत लागते आणि ते दुखावतील. "तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते आम्हाला आठवतं" असं नीट, तोंडाने सांगा. इतक्या वर्षांत ते कुणी सांगितलं नसेल. मुलाबद्दल त्यांचं मत विचारा. या मुलाची उजवी-डावी बाजू त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नाही, आणि तो अजून तयार नाही असं ते म्हणाले तर ते मनापासून ऐका. मग कामाचं विचारा. ट्रक अजून तुमच्याकडे असेल, तर पावसाने मैदान उखडलं की चार खेपा माती टाकून देणं मिस्टरांच्या हातातलं आहे. स्पर्धेच्या दिवशी मुलांचं पाणी, नोंदवही, प्रथमोपचाराची पेटी ही कामं तुम्ही घेऊ शकता. मुलगा गेला तरी ही कामं सोडू नका. तुमचं इमान इथे दिसेल.

मैत्रिणीकडे एकदा जा. समजावायला नको, नुसतं बसायला. तिच्या मुलाचा जोडीदार जातोय, कदाचित त्याची निवड न झाल्याचंही तिला लागलं असेल. अकादमीने "आणखी कुणी आहे का तुमच्या गावात?" असं विचारलं, तर नावं देणं तुमचं काम नाही, अकादमीने ते सरांना विचारावं.

धाकटीला अजिबात काढू नका. मोठ्यांच्या रागालोभात तिचा खेळ जाऊ नये, आणि गावातल्या क्लबमध्ये मुलींची संख्या आधीच थोडी असते. तिला नको असेल तेव्हा ती सांगेल. समितीतल्या कुणी तिला भावावरून टोमणा मारला, तर ते मात्र त्याच दिवशी सरांच्या कानावर घाला. तिची फी या महिन्यापासून पूर्ण भरा. सर 'राहू दे' म्हणाले, तर खजिनदाराकडे भरा आणि पावती घ्या.